मोटार बसवल्यावर जुने स्प्रॉकेट बदलाच

चक्रधर:
मोटरसायकलचं पेट्रोल इंजिन काढून विजेची मोटार बसवणारे अनेक जण मागचं-पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) जुनंच ठेवतात. पुढे १४ दात, मागे ४२, म्हणजे रेशो ३ (मोटारचे तीन फेरे, चाकाचा एक). मीही तेच केलं होतं आणि पहिल्याच लांब चढावर मोटार इतकी तापली की कंट्रोलरने (मोटारला करंट पुरवणाऱ्या यंत्राने) करंट तोडला.

माझी मोटार सलग ५ किलोवॅट देते. ७२ व्होल्टवर, भाराखाली, मिनिटाला साधारण ४००० फेरे. मागच्या चाकाचा घेर १.९२ मीटर. रेशो ३ ठेवला तर कागदावर ताशी १५४ किमी निघतात. पण एवढ्या ताकदीत, सरळ बसून चालवलं तर, ८५ च्या आसपास वारा गाडीला पुढे जाऊच देत नाही. मग वरचे ७० किमी कुणासाठी? रेशो ५.५ केला की ४००० फेऱ्यांना ८४ किमी बसतात.

खरा फरक चढावर. चाकावर तेवढाच जोर हवा तर ३ च्या रेशोला १.८ पट करंट लागतो. वाइंडिंगमधली (मोटारमधल्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ ३.४ पट.

दोनचाकी:
उष्णतेचा हिशेब मान्य, ५.५ मान्य नाही. त्यासाठी पुढे ११ आणि मागे ६० दात लावावे लागतील. ११ दातांवर चेन फार तीव्र वळते, प्रत्येक दाताला तिचा वेग ४ टक्क्यांच्या आसपास कमी-जास्त होतो, आवाज वाढतो, चेन लवकर झिजते. ४२८ मापाच्या चेनला ६० दातांची प्लेट सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाची होते. इतक्या लहान पुढच्या स्प्रॉकेटवर चेन स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासते का, हे आधी बघा. शिवाय ८४ ला मोटारचे फेरे संपले की ओव्हरटेक करताना हाताशी काही उरत नाही. मी १३–५४ वर आहे, म्हणजे ४.१५, आणि समाधानी आहे.

चक्रधर:
चेनबद्दल तुमचं बरोबर आहे, तो मुद्दा मी हलका धरला होता. पण ओव्हरटेकचा जोर रेशोतून येत नाही, किलोवॅटमधून येतो. ८० च्या पुढे माझ्याकडे ताकदच उरत नाही, मग रेशो ४.१५ ठेवून मिळणार काय?

दोनचाकी:
मोटारची ताकद थोडा वेळ दुप्पट करता येते, ओव्हरटेकला तेवढीच लागते. फेरे संपलेले असले तर तीही कामाला येत नाही.

उतारू:
मग जुना गिअरबॉक्सच का काढता? ३ किलोवॅटच्या मोटारला पहिला गिअर चढावर जीव देतो. मी तो ठेवलाय.

चक्रधर:
लहान मोटारला चालेल. पण ५ किलोवॅटला शून्य फेऱ्यांवरच पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो, त्यात पहिल्या गिअरची गुणाकारी आली की गिअरच्या दातांवर आणि चेनवर फार ताण येतो. ऑइलमधला ओढा आणि वजन वेगळंच.

दोनचाकी, फेरे उरण्याचा मुद्दा पटला. १२–५८ लावतो, ४.८३, कागदावर ९५. पुढच्या आठवड्यात त्याच चढावर मोटारचं तापमान मोजून इथेच लिहीन. तुम्हीही ४.१५ वर तोच प्रकार करून बघा, सलग दहा मिनिटं, आणि बॅटरीचा करंट नाही, फेजचा (कंट्रोलरकडून मोटारला जाणाऱ्या तारांमधला) करंट बघा. कमी वेगात बॅटरीचा आकडा लहान दिसतो आणि मोटार मात्र आत जळत असते.