कंपवाताच्या गोळीमागचे संशोधक : आर्विद कार्लसन यांच्याविषयी विचारणा

शाहूनगरकर (सातारा) :
माझ्या वडिलांना चार वर्षांपासून कंपवात आहे. सकाळी आठची गोळी घेण्याआधी त्यांना सदऱ्याचे वरचे बटण लावता येत नाही. बोटे काजापाशी जाऊन थबकतात, आणि पाऊण तासाने तेच बटण ते माझ्याशी बोलता बोलता लावून टाकतात. गोळीत लेव्होडोपा आहे, एवढे मला ठाऊक आहे. त्याचे श्रेय स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांना दिले जाते. पण ते या विषयाकडे कसे वळले, हे मला सलग वाचायला मिळालेले नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे उत्सुकता अधिक आहे. जाणकारांनी सांगावे.

मिरजेचा निवृत्त मास्तर :
औषधशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कार्लसन (जन्म १९२३, उप्साला) लुंड येथे कॅल्शियमच्या चयापचयावर काम करीत होते. वरच्या पदासाठी त्यांचा विचार झाला तेव्हा हा विषय औषधशास्त्राच्या मुख्य प्रवाहातला नाही असे ठरले आणि ते पद त्यांना मिळाले नाही. मग १९५५ साली ते काही महिने अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे रिसर्पिनवर काम चालले होते. रिसर्पिन हे आपल्या सर्पगंधेच्या मुळातले द्रव्य, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील सर्पगंधेचे आपले अनुभव १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले होते. (हा धागा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, याची मला खंत आहे.)

रिसर्पिन दिलेला ससा कान पाडून निपचित बसतो. लुंडला परतल्यावर कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सशांना एल-डोपा, म्हणजेच आपल्या गोळीतले लेव्होडोपा, टोचले आणि थोड्याच वेळात ते ससे उठून हिंडू लागले. हे १९५७ चे. रिसर्पिनने मेंदूतून नाहीसे होणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन हे संदेशवाहक द्रव्य एल-डोपापासून पुन्हा बनले असेल अशी अपेक्षा होती, पण मेंदू तपासल्यावर त्यात नॉरअ‍ॅड्रिनलिन भरून आलेले दिसले नाही. डोपामाइन हा तोवर नॉरअ‍ॅड्रिनलिन घडण्याच्या वाटेवरचा निव्वळ एक टप्पा मानला जाई. कार्लसन यांनी तेच मोजायचे ठरवले, त्यासाठी मोजमापाची पद्धत स्वतः बसवली, आणि १९५८ साली दाखवले की डोपामाइन मेंदूत मुळातच असते, रिसर्पिनने नाहीसे होते आणि एल-डोपाने परत येते. पुढच्या वर्षी लुंडमध्येच आढळले की ते मुख्यतः हालचालींशी निगडित अशा मेंदूच्या खोलवरच्या भागात साठलेले असते. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसतात हे डॉक्टरांना माहीत होतेच, त्यामुळे कंपवाताचा संबंध डोपामाइनच्या कमतरतेशी जोडता येत होता. तरीही १९६० साली लंडनच्या परिषदेत सर हेन्री डेल यांच्यासारख्या दिग्गज शास्त्रज्ञांना मेंदूत डोपामाइनचे असे स्वतंत्र काम असेल हे पटले नाही. नोबेल मिळाले ते २००० साली.

कृष्णाकाठ (सांगली) :
मास्तरांनी छान लिहिले आहे, पण गोळीपर्यंतचा प्रवास एकट्या कार्लसन यांचा नव्हे. कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन फार कमी असते, हे व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकिएविच यांनी १९६० साली दाखवले आणि पुढच्याच वर्षी वाल्थर बिर्कमायर यांच्यासह रुग्णांना एल-डोपा शिरेतून दिले. तोंडाने, अगदी अल्प मात्रेपासून हळूहळू वाढवत देण्याची रीत जॉर्ज कोट्झियस यांनी १९६७ साली बसवली. नोबेलमधून हॉर्निकिएविच यांना वगळल्याबद्दल दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिले होते. मला ते पत्र रास्त वाटते.

पाटणचा डोंगर :
आमच्या कुंपणावरच्या खाजकुइलीच्या बियांतही एल-डोपा असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ साली त्या बियांतून वेगळे काढले होते. मात्र शाहूनगरकर, कुणाच्या सांगण्यावरून गोळीच्या जोडीला चूर्ण देऊ नका. माझ्या चुलत्यांनी तसे केले, तेव्हा त्यांचे हातपाय आपोआप वळवळू लागले होते. काही द्यायचेच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शाहूनगरकर :
सर्वांचे आभार. चूर्ण आणून ठेवले होते, ते आता कपाटाबाहेर येणार नाही. सशांची हकीकत वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी एवढेच विचारले, की त्या सशांना दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचावे लागत होते का.

मिरजेचा निवृत्त मास्तर :
त्यांना सांगा, एल-डोपाचा परिणाम काही तासच टिकतो.