अनुभव धागा: मुलांच्या कपाटातली, मोठ्यांनी पळवलेली पुस्तकं

पुस्तक मुलांसाठी आणलं आणि शेवटी आपल्याच उशाशी सापडलं, असं बडोद्यात आणखी कुणाचं होतं? बालपुस्तकांचं अमेरिकेतलं न्यूबेरी पदक, ब्रिटनमधलं कार्नेगी, आपल्याकडचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार, काहीही चालेल. फक्त स्वतःसाठी वाचलेलं लिहा. 'लेकीला फार आवडलं' इथं नको.

माझी लुई सॅकरची 'होल्स', १९९९ चं न्यूबेरी. चोरी न केलेल्या पोराला शिक्षा होते, रोज ५ फूट खोल, ५ फूट रुंद खड्डा खणायचा. खापरपणजोबांना लागलेला शाप, कांदे, बुटांची जोडी, सगळं शेवटी असं जुळतं की मी मागची पानं पुन्हा काढून तपासली. लेखकानं काहीच लपवलेलं नव्हतं!

दांडियाबाजारकर
धनगोपाल मुकर्जींची 'गे-नेक', १९२८ चं न्यूबेरी. नायक चित्रग्रीव नावाचं कबूतर. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर निरोप पोचवतं आणि परततं ते भेदरून. उडायलाच तयार नाही. मग हिमालयातल्या मठात लामा त्याची भीती घालवतो. हे वाचलं वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. गच्चीत टोपलीखाली मांज्यानं पंख चिरलेलं कबूतर होतं. डॉक्टर म्हणाले पंख बरा झालाय, पण ते कठड्याकडे फिरकेना. पुस्तक नसतं वाचलं तर मी त्याला ढकललं असतं. पतंग सोडलेत असं नाही. पाखरांच्या जाण्यायेण्याच्या वेळी, सकाळ-संध्याकाळ, फिरकी खाली ठेवतो एवढंच.

वारसियातली सून
वीरा हिरानंदानींची 'द नाइट डायरी', २०१९ चा न्यूबेरी ऑनर, म्हणजे पदकाच्या खालोखालचा मान. फाळणीत मीरपूरखास सोडून निघालेली १२ वर्षांची निशा वहीत आपल्या वारलेल्या आईला पत्रं लिहिते. माझं माहेर मराठी, सासर सिंधी. सासरे लहानपणी तिकडून आले, पण विषय काढला की चहा मागायचे. वाटेत निशाच्या घरच्यांचं पाणी संपतं, तो भाग त्यांना हिंदीत सांगितला. म्हणाले, "आमचा माठ घरीच राहिला होता. आईबाबा त्यावरून रस्ताभर भांडले." पुढं काही नाही. इतक्या वर्षांत तेवढंच बोलले.

मांडवीचे काका
पदकांवर फार जाऊ नका बुवा. १९५३ साली 'शार्लट्स वेब'ला पदक मिळालं नाही, नुसता ऑनर. पदक ज्याला मिळालं त्याचं नाव सांगा पाहू! 'शार्लट्स वेब'मधली शार्लट, कोळ्याची मादी, जत्रेच्या ओस मैदानात एकटीच मरते, जवळ कुणीही नसतं. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्यानं तिथं २ पानं तरी गहिवर घातला असता.

दांडियाबाजारकर
काका, पटलं. पण यादी म्हणून पदक उपयोगी पडतं. ते देतात अमेरिकेतले ग्रंथपाल, १९२२ पासून. आणि आपल्या सेंट्रल लायब्ररीची घडी बसवायला सयाजीरावांनी १९१० मध्ये आणलेले बोर्डनसाहेबही अमेरिकन ग्रंथपालच.

गोरवेकर
'ब्रिज टू टेराबिथिया' (१९७८ चं न्यूबेरी) आणून ठेवलीय. आधीच सांगा, शेवट रडका आहे का?

वारसियातली सून
शेवटाच्या बऱ्याच आधी रडवते. शनिवारी वाचा, दुसऱ्या दिवशी ऑफिस नसतं.