प्रोस्टेट कॅन्सर, वय ७६, ग्लीसन ८: 'या वयात काही होत नाही' हे कितपत खरं?

रानजाई: प्रोस्टेटच्या बायॉप्सीत ग्लीसन (गाठ किती आक्रमक दिसते त्याचा गुण, जास्त म्हणजे आक्रमक) ४+४=८, स्कॅनमध्ये हाडांत पसरलेला नाही. मधुमेह आटोक्यात, रोजचं फिरणं चालू. 'म्हातारपणी प्रोस्टेटचा कॅन्सर हळू वाढतो, माणूस दुसऱ्याच कशाने जातो' असं जो तो सांगतोय. ग्रेड ८ असतानाही हे लागू पडतं का?

गारगोटी: नाही. ते ग्लीसन ६ ला लागू पडतं. अमेरिकेत कनेटिकटमध्ये १९७१ ते १९८४ दरम्यान निदान झालेल्या, ५५ ते ७४ वयाच्या ७६७ पुरुषांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यांना शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन नव्हतं. फार तर पुरुषी हार्मोन रोखले होते. ग्लीसन २ ते ४ असलेल्या १००० जणांमागे वर्षाला या कॅन्सरने ६ मृत्यू, ८ ते १० असलेल्यांत १२१! वय वाढतं तसा हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढतो, त्यामुळे मंद गाठीला जीव घ्यायला अवधीच उरत नाही. ८ च्या गाठीला तेवढा अवधी लागत नाही. दहा वर्षांच्या आतच धोका मोठा असतो. चालत्या-फिरत्या ७६ वर्षांच्या माणसाकडे तेवढी वर्षं सहज असू शकतात.

शेवंती: आकडे जुने आहेत हे ध्यानात ठेवा. तेव्हा पीएसए ही प्रोस्टेटची रक्तचाचणी नव्हती, ग्रेड देण्याची पद्धतही पुढे बदलली. पण ब्रिटनच्या 'प्रोटेक्ट' या उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासातल्या १५ वर्षांत २.७ टक्के मृत्यूंवरही विसंबू नका. ते पुरुष ५० ते ६९ वयाचे होते आणि बहुतेकांचा ग्लीसन ६ होता.

गारगोटी: सहमत. आता कामाचं:

बायॉप्सीच्या स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) दोन्ही मागून घ्या, प्रोस्टेटच्या बायॉप्सी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. ८ चा ७ झाला तर हार्मोन रोखण्याचा काळच बदलतो. प्रोस्टेट वाढीवरचं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड हे औषध सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर पीएसए निम्मा दिसतो. दुप्पट करून वाचा, नाहीतर आजार सौम्य वाटतो.

वयापेक्षा ताकद मोजा. 'जी-८' ही वयस्क कॅन्सर रुग्णांची ताकद तपासणारी प्रश्नावली १७ गुणांची. १४ किंवा कमी आले तर वृद्धरोगतज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी. ८ ला साधारणपणे रेडिएशनसोबत दीड ते तीन वर्षं हार्मोन रोखणारी इंजेक्शनं देतात. त्यांनी साखर चढते, स्नायू झडतात, हाडं ठिसूळ होतात. म्हणून सुरू करण्याआधीच एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि डेक्सा स्कॅन (हाडांची घनता) करून घ्या.