प्रति: पीएचडीच्या विद्यार्थ्यांना लेखन कोण शिकवणार?

वर कुणी विचारलंय की, २०२२च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापायची सक्ती काढली, मग लेखन शिकवायचं कशाला? मला उलट वाटतं. सक्ती होती तेव्हा पैसे घेऊन झटपट छापणाऱ्या जर्नल्सचं फावलं; नीट शिकवायला सवड आता मिळाली आहे. २०२५मध्ये यूजीसीची केअर यादीही (मान्य जर्नल्सची यादी) बंद झाली, म्हणजे जर्नल पारखणंही आता आपल्यालाच शिकायला हवं.

आपल्या नाशिकमध्ये मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विद्यापीठ आहे, कॉलेजांत संशोधन केंद्रं आहेत. नोकरी सांभाळून पीएचडी करणारे बरेच. त्यांना दिवसभराची व्याख्यानं नकोत, कच्चा मजकूर वाचणारं माणूस हवंय. चार-पाच जणांनी पंधरवड्याला भेटावं, एकाची दोन पानं सगळ्यांनी आधी वाचून यावीत आणि विचारावं: यात नवीन काय आहे? द्राक्षाच्या रोगांवर काम करणारी आणि इतिहासवाला एकत्र बसले तर उत्तमच (परक्या विषयाच्या माणसासाठी लिहिताना प्रस्तावना सुटसुटीत होते). जर्नलकडून येणारे समीक्षकांचे शेरेही गटातच वाचावेत. त्यांना मुद्देसूद उत्तर कसं द्यायचं हे फारसं कुणी शिकवत नाही, आणि चांगले निबंध तिथेच सोडून दिले जातात. एखाद्या कॉलेजच्या ग्रंथालयाने शनिवारी खोली दिली तरी सुरुवात होईल.