सेवाज्येष्ठतेत माझं नाव पहिलं, पण संस्था नकारपत्र मागतेय. विज्ञान शिक्षिकेने काय करावं?

तापीकाठची
नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यात एका अनुदानित हायस्कूलला विज्ञान शिकवते, एमएस्सी केमिस्ट्री बीएड, वय ४६. आमचे मुख्याध्यापक सर मे अखेर रिटायर होताहेत आणि ज्येष्ठता यादीत त्यांच्या खाली माझंच नाव आहे. मागच्या आठवड्यात संस्थेच्या एका संचालकांनी ऑफिसात बोलावलं आणि अगदी गोड बोलून सांगितलं की मॅडम तुम्ही नकार लिहून द्या, तुमच्या खालच्या सरांना करू, तुम्हाला कशाला जळगावच्या चकरा, पगारबिलांचं वेतनपथक, संचमान्यता म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर करून घेणं, पालकांची भांडणं, तुम्ही छान शिकवताय ते शिकवा. सासूबाई म्हणतात पगारात असा कितीसा फरक पडणार आहे. मिस्टर म्हणतात तुझं तू ठरव.
मला खरी धास्ती वेगळीच आहे. आमच्याकडे मुलं प्रयोग स्वतः करतात, जर्नल नुसतं उतरवत नाहीत, इन्स्पायर मानक या केंद्राच्या विज्ञान-कल्पना योजनेला दरवर्षी पोरांच्या कल्पना पाठवते. खुर्चीत बसल्यावर हे सगळं बंद पडेल का? आणि विज्ञान शिक्षणात पुढे जायचं तर हाच एक रस्ता आहे की पीएचडी, डाएट म्हणजे जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था, एमपीएससी असं काही बघावं?

निवृत्त_बाई_धुळे
ताई, त्या कागदावर सही करू नका. बाकीचं सगळं नंतर.
खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत साफ लिहिलंय की पात्र असलेल्या आणि सेवेचं रेकॉर्ड चांगलं असलेल्या सर्वात ज्येष्ठ शिक्षकाला मुख्याध्यापक करायचं. संस्था तुमच्यावर उपकार करत नाहीये, म्हणून तर गोड बोलताहेत. नकार तुम्ही स्वतःहून दिला तरच त्यांची वाट मोकळी होते.
प्रयोगशाळेचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे. मी शिक्षिका होते तेव्हा लॅबच्या कपाटाची किल्ली ऑफिसात असायची, सूक्ष्मदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरच्या फळीवर, का तर मोडेल. बाहेरून कोणी तपासणीला आलं की तो खाली यायचा, टेबलावर मांडला जायचा, परत वर. मुख्याध्यापिका झाले त्या जूनमधे पहिलं काम केलं ते किल्ली प्रयोगशाळा परिचराकडे दिली आणि वेळापत्रकात आठवीपासून प्रॅक्टिकलचे जोड तास टाकले, कोणालाच विचारावं लागलं नाही. लेन्सला बुरशी धरलेली होती ती साफ करून घेतली. दहावीचे दोन तास शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवले. शिक्षिका म्हणून तुम्ही तुमचा वर्ग सांभाळता, खुर्चीत बसून सगळ्या वर्गांचं वेळापत्रक आणि खर्चाचा कागद तुमच्या हातात येतो, एवढा फरक आहे वो.
कागदपत्रांची भीती घालतात ती आत्तापासूनच मोडा. पगाराचं शालार्थ, शाळेच्या माहितीचं यु-डायस, संचमान्यता हे क्लार्कभाऊंच्या शेजारी बसून महिनाभर बघा. जमलं तर मुक्त विद्यापीठाचा डीएसएम, म्हणजे शालेय व्यवस्थापनाचा डिप्लोमा, करून टाका.

सातपुडा_पायथा
मी नंदुरबारचा, आश्रमशाळेत शिकलेला. आमच्या मुख्याध्यापिका विज्ञानाच्याच होत्या. आनुवंशिकतेचा धडा त्या स्वतः घ्यायच्या, आणि पुस्तकातल्या वाटाण्यांवर न थांबता आमच्याकडच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर यायच्या. आईवडील दोघे वाहक असले तर प्रत्येक वेळी मूल आजारी व्हायची शक्यता चारात एक, दोनदा वाहक आणि एकदा पूर्ण निरोगी, हा चौकट मांडणीचा तक्ता त्यांनी फळ्यावर काढला आणि आमच्यातल्या दोघातिघांनी घरी जाऊन तो आईबापाला समजावला. नंतर पूर्ण शाळेची रक्ततपासणी लावून घेतली. हे साध्या शिक्षिकेने ठरवलं असतं तर परवानगीतच वर्ष गेलं असतं. मी आज लॅब टेक्निशियन आहे तो त्या धड्यामुळे.

केळीबाग_रावेर
मी थोडं वेगळं बोलून राहिली, राग मानू नका. हक्क सोडू नये हे बरोबरच, पण खुर्ची म्हणजेच सगळं नाही. गणितज्ञ मंगला नारळीकर बघा. तीन मुलींच्या आई, घरासाठी मागे पडलेलं गणित पुन्हा हातात घेतलं आणि १९८१ ला मुंबई विद्यापीठाची पीएचडी, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. पुढे बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गेला, पण लहान पोरं जोडाक्षरात अडकतात हे त्यांनी न चिडता पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. याला म्हणतात शिक्षणातलं नेतृत्व.
एमपीएससीच्या सरळसेवेला तुमचं वय आडवं येईल, खुल्याला ३८ आणि मागासला ४३. पण पीएचडीला वय नाही. आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठातून करता येईल. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर १९७४ पासून याच कामाला वाहिलेलं आहे, विज्ञान शिक्षण या विषयातच पीएचडी देतं, पण तिथे पूर्णवेळ राहावं लागेल, नोकरी सांभाळून अवघड. निदान त्यांचं मोफत साहित्य वापरा, शिक्षकांची शिबिरं लागली की जा.

तापीकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार, आश्रमशाळेचं वाचून अंगावर काटा आला. धुळ्याच्या बाई, एक अडचण राहिली. खालचे सर माझ्या आधी शाळेत लागलेत, डीएडवर पाचवी ते सातवीला, बीएड त्यांनी माझ्या नंतर केलं. ते म्हणतात नोकरीची तारीख माझी जुनी, मीच ज्येष्ठ.

निवृत्त_बाई_धुळे
नुसती नोकरीला लागल्याची तारीख चालत नाही ताई. त्याच नियमावलीची अनुसूची 'फ' बघा, हायस्कूलची ज्येष्ठता प्रवर्गावर लागते, प्रवर्ग 'क' मधे, म्हणजे मुख्यतः पदवी-बीएड झालेल्यांच्या गटात, कोण कधी आलं ते धरतात. त्यांचं डीएड कोणतं, पदवी कधीची, यावर कोर्टकचेऱ्या झाल्यात, म्हणून अंदाजावर राहू नका. यादी दरवर्षी फिरवावीच लागते, तिच्या मागच्या सगळ्या प्रती काढा, त्यांच्या सह्या तुमच्या नावाखाली आहेत का बघा. तक्रार आलीच तर निकाल शिक्षणाधिकारी देतात, संस्था नाही. तुमचा अर्ज आत्ताच आवक नोंदवून ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.