टॉवेल-चादरीच्या मागणीचा अंदाज: आर शिकू की विकतचं सॉफ्टवेअर घेऊ?

अक्कलकोट_रोड:
नमस्कार मंडळी. सोलापुरात एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे. टेरी टॉवेल आणि थोड्या जेकार्ड चादरी. कुठला रंग किती डझन काढायचा, सूत कधी भरायचं, हे सगळं आजवर बाबांच्या डोक्यात. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर येतं. पण २०२३ ला आम्ही ऑगस्टअखेर माल बांधून बसलो आणि ऑर्डरी निवांत आल्या. तोवर गोडाऊन भरलेलं, सूतवाल्याचा रोज फोन.

मध्यंतरी एक जण लॅपटॉप घेऊन आला होता, "एआय तुमची मागणी आधीच सांगेल" म्हणे. वर्षाचं भाडं ऐकून बाबांनी चहा अर्धाच ठेवला. पुतणी बीएस्सी स्टॅटला आहे. ती म्हणते, काका, आर वापरा, आकडेवारीच्या कामाची संगणकभाषा आहे, फुकट आहे. मी कॉमर्सचा, एक्सेल बऱ्यापैकी येतं. टॅलीत एप्रिल २०१९ पासूनची विक्री आहे. एवढ्यावर जमेल का? आणि फुकटच्या वस्तूवर धंद्याचा भरवसा ठेवावा का?

हुतात्मा_बाग:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सोपा आहे. आर ही काही कुणी सुट्टीत बनवलेली गंमत नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती बांधायला घेतली, बेल लॅब्जच्या जुन्या 'एस' भाषेच्या धर्तीवर. १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. आज जगभरच्या विद्यापीठांत आणि औषध कंपन्यांत ती रोज वापरतात. फुकट आहे त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे उघडी आहे. अंदाज कुठल्या सूत्राने आला ते आत डोकावून बघता येतं. तुमच्या लॅपटॉपवाल्याला "हा आकडा कसा काढला?" असं विचारून बघा, काय सांगतो ते.

आधी आर टाका, मग आरस्टुडिओ. दोन्ही वेगळे आहेत, आर ही भाषा आणि आरस्टुडिओ ती लिहायची-चालवायची खिडकी. नुसतं आरस्टुडिओ टाकून "चालत नाही" म्हणणारे माझ्याकडे दर वर्षी चार-पाच येतात. सवयीसाठी 'स्वर्ल' नावाचं पॅकेज (आरला जोडायचं तयार साधन) बघा, आरच्या आतच धडे देतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवरही आरची मालिका आहे.

कोडकरी_पुणे:
२०२६ मध्ये आर कशाला? पायथन भाषा शिका, सगळीकडे तेच चालतं. डीप लर्निंग लावा, विषय संपला.

भुसार_लाईन:
कोडकरी, पायथन चांगलंच आहे, त्यावर भांडण नको. पण त्यांच्याकडे महिन्यांचा हिशेब केला तर एका मालाचे जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी आकडे होतात. डीप लर्निंग हे ढीगभर डेटा खाणारं एआय, एवढ्यावर ते लावणं म्हणजे शेंगा फोडायला रोडरोलर आणल्यासारखं.

अक्कलकोट रोडवाले दादा, मी एका होलसेलरकडे हिशेब आणि खरेदी दोन्ही बघतो, चार वर्षं आर वापरतोय. तुमचं २०२३ ला काय झालं ते मला वाटतं मी सांगू शकतो. कॅलेंडर काढा. २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ ला मध्ये अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन गेलं १२ नोव्हेंबरला. बाबांनी (आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने) "गेल्या वर्षी या महिन्यात किती गेला" एवढंच बघितलं तर जवळपास तीन आठवड्यांनी चुकणारच. मशीनला जानेवारी-डिसेंबर कळतं, पंचांग कळत नाही. ते आपण शिकवायचं.

मी असं करतो. आमच्याकडे दुकानदारांची दिवाळीची खरेदी साधारण लक्ष्मीपूजनाच्या ६० ते २० दिवस आधी होते. त्या खिडकीतले किती दिवस कुठल्या महिन्यात पडतात ते मोजून एक वेगळा रकाना करतो. २०२२ ला ऑगस्टमध्ये ७, सप्टेंबरमध्ये ३०, ऑक्टोबरमध्ये ४. २०२३ ला ऑगस्टमध्ये शून्य, सप्टेंबरमध्ये १८, ऑक्टोबरमध्ये २३. बघा, तुमचा ऑगस्ट कुठे गेला ते. तुमची खिडकी ४५ ते १५ दिवसांची असेल, तर ती तुमच्या बिलांवरून ठरवा, माझी उचलू नका.

हा रकाना 'फोरकास्ट' पॅकेजमधल्या ऑटो-अरिमाला (जुन्या आकड्यांवरून पुढचा अंदाज काढणारं मॉडेल) 'एक्सरेग' म्हणून, म्हणजे बाहेरून दिलेली जादा माहिती म्हणून द्यायचा. पुढच्या वर्षाचा अंदाज काढताना पुढच्या वर्षाचा रकानाही द्यावा लागतो, पण ते सोपं आहे, पंचांग आधीच छापलेलं असतं. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ ला ज्येष्ठ अधिक म्हणून ८ नोव्हेंबरला. म्हणजे २०२३ चाच खेळ परत. लग्नसराई मोठी असेल तर महिन्यातल्या मुहूर्तांची संख्या हा दुसरा रकाना. २०२० च्या लॉकडाऊनच्या महिन्यांना वेगळी खूण करा, नाहीतर मॉडेल दर एप्रिलला घाबरेल.

आणि सगळ्यात आधी 'एसनाइव्ह' चालवा. तो फक्त गेल्या वर्षीचा तोच महिना उचलून पुढे ठेवतो, बस्स. शेवटचं एक वर्ष झाकून ठेवा, उरलेल्यावर मॉडेल शिकवा आणि झाकलेल्या वर्षावर दोघांची चूक मोजा. मग एक वर्ष मागे सरकून परत तेच. तुमचं भारी मॉडेल एसनाइव्हला हरवत नसेल तर ते फेकून द्या. विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचं झालं तरी विकणाऱ्याला हीच परीक्षा द्यायला लावा. बरेच जण दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाहीत, हा आपला अनुभव.

कांदा_मोंढा:
ओ अण्णा, हे सोलापूर बाजार समितीतल्या कांद्याच्या भावाला चालेल का? मी पण बसतो शिकायला.

भुसार_लाईन:
भावाला नका लावू. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली. तो आदेश कुठल्या रकान्यात होता? आवक किती येईल याचा अंदाज थोडाफार लागतो, भावाचा धंदा वेगळा आहे. इथे त्यात शिरलो तर धागा वाहून जाईल, वेगळा काढा.

हुतात्मा_बाग:
भुसार लाईनशी शंभर टक्के सहमत, फक्त एक भर. विक्री म्हणजे मागणी नव्हे. एखादा रंग संपलेला असताना विक्री शून्य दिसते, आणि मॉडेल समजतं की तो रंग कुणाला नकोच. पुढच्या वर्षी तो आणखी कमी सांगेल. "माल नाही" म्हणून परत पाठवलेल्या ऑर्डरी कुठे तरी लिहून ठेवा, वही चालेल.

अक्कलकोट_रोड:
दोन आठवड्यांनी येतोय, माफ करा. अर्धा वेळ डेटा साफ करण्यातच गेला. टॅलीतून एक्सेल काढलं तर "१,२५,०००" ला आर शब्द समजतो. तारखांचे दिवस-महिने उलटले. एकच टॉवेल "गुलाबी", "पिंक" आणि "गुलाबी." असा तीन नावांनी. आणि २०२१ आधीची मालाची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, उघडली की नुसता कचरा दिसतो. पुतणी हसते, मी रडतो.

भुसार_लाईन:
प्रत्येकाचं असंच होतं, तुम्ही लवकर पोचलात. आकड्यांसाठी 'रीडआर' पॅकेजमधलं पार्स-नंबर, ते स्वल्पविराम गिळतं. तारखांना 'लुब्रिडेट' पॅकेजमधलं डीएमवाय, ते दिवस-महिना-वर्ष असं वाचतं. जुना फॉन्ट म्हणजे युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाही, तो आरला थेट वाचता येणार नाही. त्याच्या मागे लागू नका, मालाचा कोड नंबर असेल तर त्यावरून जोडा. नव्या मराठी नावांना अडचण यायला नको. विंडोजवर आर ४.२ किंवा पुढची आवृत्ती ठेवा, तिथून यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची रीत) आपसूक धरतं.

आणि रंग-रंग वेगळा करू नका अजून. आधी एकूण टॉवेल आणि एकूण चादर, एवढ्या दोनच रांगा.

अक्कलकोट_रोड:
कोड नंबर होते! बाबांनीच वहीत लिहून ठेवलेले, १९९८ पासूनच्या पद्धतीने.

तर निकाल. रंगीत टॉवेल आणि चादरीत दिवाळीच्या रकान्याने एसनाइव्हला दोन्ही वर्षी हरवलं. आमची खिडकी ५० ते १५ दिवसांची निघाली. हॉटेलांना जाणाऱ्या पांढऱ्या टॉवेलला मात्र रकान्याचा काही उपयोग नाही, तिथे एसनाइव्हच पुढे. पुतणी म्हणते बरोबरच आहे, हॉटेलवाल्याला कसली दिवाळी.

एक अडलंय. अंदाज नुसता एक आकडा देत नाही, खालचा-वरचा असा पट्टाही देतो. बाबा विचारतात, "मग काढू किती?"

भुसार_लाईन:
बाबांचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर मॉडेलकडे नाही, तुमच्या गोडाऊनकडे आहे. पांढरा टॉवेल पुढच्या वर्षीही खपतो, तो पट्ट्याच्या वरच्या अंगाला काढा. फॅन्सी प्रिंट पडून राहिली की मोडीत जाते, ती खालच्या अंगाला. किती वर, किती खाली, ते उरलेल्या डझनाचा तोटा आणि हुकलेल्या डझनाचा नफा समोरासमोर मांडून ठरतं. ती बेरीज-वजाबाकी बाबांना आपल्यापेक्षा चांगली येईल.

अक्कलकोट_रोड:
त्यांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "हे मी तीस वर्षं करतोय, त्याला आर म्हणतात होय?" आता रोज संध्याकाळी पुतणीच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. काल त्यांनीच विचारलं, गड्ड्याच्या जत्रेचाही रकाना करायचा का? मी म्हटलं, ती दर वर्षी संक्रांतीलाच असते, जानेवारीतच पडते, मशीनला आपोआप कळेल. तरी करून बघा म्हणाले. करतोय.