अनुभव धागा: मुक्त ज्ञानप्रकल्प ‘आपला’ वाटतो का?

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला. तेथे चर्चेच्या जागेला चावडी म्हणतात आणि सरावाच्या पानाला धूळपाटी. ही नावे ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गाव असणार, असे मला नेहमी वाटते. म्हणून गावाच्याच भाषेत विचारतो: येथे आणि कोणीही भर घालावी, कोणीही वापरावे अशा इतर मुक्त प्रकल्पांत बिनपगारी राबणाऱ्याला हे सर्वांचे गायरान वाटते, की तो आपापला वाफा शिंपून घरी जातो? काही सदस्यांना मुद्दाम लिहायला सांगितले आहे, इतरांनीही लिहावे. माझा अंदाज असा, की ‘सामायिक संपदा’, इंग्रजीत ‘कॉमन्स’, हा शब्द मनात धरून येथे कोणीच येत नाही.

निवृत्त शिक्षिका, विकिस्रोत

विकिस्रोत या खुल्या ग्रंथसंग्रहात मी जुन्या पुस्तकांचे मुद्रितशोधन करते. एका बाजूला पानाचे छायाचित्र असते, दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर. यंत्र ‘ष’चा ‘प’ करते, ‘ध’चा ‘घ’ करते आणि अनुस्वार तर शाईचा ठिपका समजून गिळून टाकते. माझे वाचून झाले की पानाची तांबडी खूण पिवळी होते. ती हिरवी मात्र मला करता येत नाही, त्यासाठी दुसऱ्या कोणीतरी तेच पान पुन्हा वाचावे लागते. आयुष्यभर इतरांच्या वह्या तपासल्या असल्याने हा नियम मला आधी अपमानास्पद वाटला. मग एका पानावर ‘धन’च्या जागी राहिलेले ‘घन’ माझ्या नजरेतून सुटले, आणि कोणा अनोळखी सदस्याने ते सुधारून, एका शब्दाचाही शेरा न मारता, पान हिरवे केले. ‘माझी पाने’ हे शब्द तेव्हापासून तोंडात येईनासे झाले. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी त्याचे साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त होते, त्यामुळे 1950 साली गेलेल्या साने गुरुजींचे लेखन 1 जानेवारी 2011 पासून सर्वांचे झाले. परंतु कायद्याने सर्वांचे होणे आणि शोधले असता पडद्यावर वाचायला मिळणे, यांत जे अंतर उरते ते आम्ही चार-दोन माणसे एकेक पान करून भरतो. ‘कॉमन्स’ हा शब्द मात्र मी या निमंत्रणामुळेच प्रथम नीट वाचला.

हौशी छायाचित्रकार

मला आपलेपणा वाटत नाही, हे आधीच सांगतो. एका किल्ल्याच्या तटबंदीचे पहाटे काढलेले छायाचित्र मी विकिमीडिया कॉमन्स या छायाचित्रांच्या खुल्या संग्रहावर चढवले आणि दोन वर्षांनी ते एका दुकानातील कॅलेंडरावर पाहिले. माझे नाव कोठेही नव्हते. छापणाऱ्यांना खरमरीत पत्र लिहायला बसलो, तेव्हा चढवताना मान्य केलेला वापराचा परवाना पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. विकण्याची मुभा मीच दिली होती. अट एवढीच होती, की नाव द्यावे आणि फेरफार करून नवे काही केले तर तेही त्याच परवान्याखाली खुले ठेवावे. नाव गाळले ही त्यांची चूक, पण मला खरा राग विक्रीचा आला होता, आणि त्या रागाचा हक्क मी एक बटण दाबून सोडून दिला होता. आता छायाचित्रे चढवतो, पण लहान आकाराची. याला दान म्हणा, सामाईक मालकी म्हणू नका.

नकाशे गिरवणारा

25 एप्रिल 2015 रोजी नेपाळमध्ये भूकंप झाला, तेव्हा वसतिगृहातील संगणकावर बसून मी उपग्रहचित्रांवरून तेथील घरे आणि पायवाटा ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांनी मिळून काढायच्या खुल्या नकाशावर गिरवल्या. नेपाळ मी आजही पाहिलेले नाही. तेव्हा मदत केल्याचे समाधान वाटले, एवढेच. जीव तुटला तो आजोळच्या ओढ्यावरील साकव कोणीतरी भलत्याच वळणावर नेऊन ठेवला तेव्हा; सुट्टीत जाऊन तो पायी तपासून आलो.

गोव्याहून

माझ्या वडिलांचे नाव कोमुनिदादीच्या वहीत आहे. ही गावकारांची सामाईक जमीन. तिची शेते लिलावाने कसायला दिली जातात, त्यातून बांधबंदिस्ती होते आणि उरलेल्या उत्पन्नात गावकारांना वाटा मिळतो. गावकारी मात्र परंपरेने पुरुषवंशाने चालते, त्यामुळे त्या वहीत मला, मुलीला, जागा नव्हती. विकिपीडियावर वंश विचारत नाहीत आणि वाटाही देत नाहीत. सामाईक साधने वापरणाऱ्यांनीच नियम केले आणि राखण केली तर ती टिकू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. राखणीच्या कामाला येथे मला घेतले. माझा आपलेपणा तेवढाच, पण पक्का.

मराठी विकिपीडियावरील एक जुना सदस्य

आमच्या तालुक्यातील नदीवर मी लेख लिहिला आणि परिच्छेदागणिक ‘संदर्भ हवा’चा शिक्का बसला. आजीने सांगितलेल्या पुराला मी संदर्भ कोठून आणणार? निम्मा मजकूर गेला. चावडीवर भांडलो, हरलो आणि दोन वर्षे तिकडे फिरकलो नाही. मग एका रात्री सहज तो लेख उघडला, तर त्यात कोणीतरी मंगल कार्यालयाची जाहिरात घुसवली होती. हात आपोआप लेखातील बदलांच्या इतिहासाच्या पानाकडे गेला आणि मी तो बदल उलटवला. लेखात माझी तीनच वाक्ये उरली होती, बाकीची इतरांची होती. उलटवताना हा हिशेब डोक्यात आला नाही, नंतर मोजला. आता, कोणी बदल केला की कळावे म्हणून, लेख माझ्या पहाऱ्याच्या सूचीत आहे. पुराची नोंद जिल्हा गॅझेटियरात सापडली नाही, म्हणून आजीचा तो परिच्छेद चर्चा पानावर ठेवून दिला आहे.